बॅकवॉटरच्या होडीवर बारा व्होल्टचं वायरिंग : नव्यांसाठी

हतनूर, वाघूर, नवापूरकडचं उकाईचं पाणी किंवा अक्कलकुवा-धडगावातला नर्मदेचा फुगवटा, कुठेही जा, खानदेशातली मासेमारीची होडी गोड्या पाण्यातच चालते. होडीवरच्या विजेबद्दल जे लिहिलेलं सापडतं ते मात्र जवळपास सगळं समुद्राचं असतं: खारं पाणी, मोठं इंजिन, व्हीएचएफ रेडिओ (बोटींचा वायरलेस). आणि वायरिंगला जो माणूस मिळतो त्याचा हात ट्रॅक्टर, बोअरची मोटार आणि स्टार्टर पेटीवर बसलेला असतो. काम त्याला चांगलं येतं. फक्त होडीपाशी आला की तो पहिल्यांदा म्हणतो, "दोन वायरी कशाला भो, निगेटिव्ह बॉडीला मारून देऊ."

तिथेच त्याला थांबवायचं. ट्रॅक्टरच्या लोखंडी बॉडीतून करंट बॅटरीकडे परत जातो आणि ट्रॅक्टर कोरड्या जमिनीवर रबरी टायरवर उभा असतो. लाकडी किंवा फायबरच्या होडीत असं करताच येत नाही, त्यामुळे तिथे प्रश्न उरत नाही. धोका पत्र्याच्या होडीत आहे. दिवा लागेल, पंप चालेल, सगळं ठीक दिसेल. पण करंटचा काही भाग पत्र्यातून पाण्यात उतरेल, आणि जिथून तो उतरतो तिथला पत्रा झिजत जाईल. गोड्या पाण्यात हे समुद्रापेक्षा सावकाश होतं, एवढंच. म्हणून होडी कशाचीही असो, प्रत्येक उपकरणाला स्वतःच्या दोन वायरी: एक जाणारी, एक परत येणारी. पत्र्याला काहीही जोडायचं नाही.

आधी वही, मग दुकान

बॅटरी घ्यायला निघण्याआधी होडीवर काय काय लावायचं आणि ते रोज किती तास चालणार, ते लिहून काढा. वॅटला १२ ने भागलं की अँपिअर मिळतात. अँपिअरला तासांनी गुणलं की एएच, म्हणजे अँपिअर-तास. एका साध्या होडीचा हिशेब असा:

फिश फाइंडर (खोली आणि मासे दाखवणारं यंत्र) ०.८ अँपिअर, ६ तास: ४.८ एएच
काठीवरचा ३ वॅटचा पांढरा दिवा ०.२५ अँपिअर, १० तास: २.५ एएच
जाळं काढताना लागणारा १० वॅटचा एलईडी ०.८ अँपिअर, ४ तास: ३.२ एएच
मोबाइल चार्जिंग साधारण १ अँपिअर, ३ तास: ३ एएच
पाणी उपसायचा पंप ३ अँपिअर, २० मिनिटं: १ एएच

एकूण साडेचौदा. लेड-ॲसिड बॅटरी रोज अर्ध्याखाली उतरवली तर ती लवकर मरते, म्हणून याच्या दुप्पट धरायचं: २९. एखादा ढगाळ दिवस आणि बॅटरीचं वय धरून ४० एएच घ्या. दुकानदार शंभरची देऊ करेल. ती वाईट नसते, पण वजन तुम्हाला वाहायचं आहे आणि लहान होडीत ते वजन जाणवतं.

यादीत दोन गोष्टी नाहीत, त्या मुद्दामच नाहीत. पहिली व्हीएचएफ रेडिओ. समुद्रात तो जीव वाचवतो, कारण पलीकडे ऐकणारं कोणीतरी असतं. आपल्या धरणात ऐकणारं कोणी नाही. त्याऐवजी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत मोबाइल, आणि नर्मदेच्या खोऱ्यात जिथे रेंजच नसते तिथे शिट्टी आणि मोठ्या बॅटरीशी काही संबंध नसलेला स्वतंत्र टॉर्च. दुसरी गोष्ट इन्व्हर्टर. ओल्या होडीत २३० व्होल्ट आणायचं काही कारण नाही. मोबाइलपासून पंपापर्यंत सगळं १२ व्होल्टवर चालतं. इन्व्हर्टरचा करंट पाण्यात सोडून मासे मारायचा उद्योग काही जण करतात. त्यात पिल्लंही मरतात आणि करणाराही मरू शकतो. त्याची जोडणी या लेखात मिळणार नाही.

बॅटरी

बाजारात चार प्रकार दिसतील. गाडीची बॅटरी स्टार्टर फिरवायला बनवलेली असते. थोडा वेळ खूप करंट देते, पण हळूहळू रिकामी करत गेलात तर एका हंगामात बसते. इन्व्हर्टरची किंवा ई-रिक्षाची ट्यूब्युलर बॅटरी रोजच्या उतार-चढावाला चांगली, पण जड, आणि होडी कलली की तिच्यातलं ॲसिड सांडू शकतं. सील केलेली व्हीआरएलए बॅटरी लहान होडीला बरी. पैसे असतील तर लिथियम फॉस्फेट: वजन निम्म्याहून कमी, क्षमतेच्या ८० टक्के सहज वापरता येते, म्हणजे वरच्या हिशेबाला २० एएचचीही पुरेल. तिला आत बीएमएस (जास्त भरण्या-उतरण्यापासून बॅटरीला वाचवणारं सर्किट) आहे ना, ते विचारून घ्या, आणि सोलर कंट्रोलरला, म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणाऱ्या डबीला, लिथियमची सेटिंग हवी.

आपल्याकडे बॅटरीचा खरा शत्रू पाण्यापेक्षा ऊन. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या आसपास जातो आणि बंद पेटीत त्याहून वर. लेड-ॲसिडबद्दल ढोबळ अंदाज असा की २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य निम्मं होतं. पेटी काळी नको, पांढरी घ्या. फळीखाली सावलीत, होडीच्या मध्याजवळ, पण तळात साचणाऱ्या पाण्याच्या वर ठेवा. पेटीला वरच्या बाजूला भोकं हवीत, कारण चार्ज होताना लेड-ॲसिडमधून हायड्रोजन निघतो. त्याच कारणाने पेट्रोलची टाकी आणि बॅटरी एका कप्प्यात कधीही नाही. पट्ट्याने असं आवळा की होडी पूर्ण आडवी झाली तरी बॅटरी हलणार नाही. टर्मिनलवर रबरी टोपी, आणि घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन.

इंजिन असेल आणि ते दोरीने सुरू होत असेल तर एकच बॅटरी पुरते. सेल्फ-स्टार्ट असेल तर इंजिनाची बॅटरी वेगळी ठेवा. स्टार्टर फिरताना व्होल्टेज क्षणभर इतकं खाली जातं की फिश फाइंडर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि रात्रभर दिवे जाळून सकाळी इंजिन उठलं नाही तर वल्हंच हातात येतं.

फ्यूज कोणाचा रक्षक

नवखा माणूस समजतो की फ्यूज उपकरणाला वाचवतो. मुख्य फ्यूज वायरला वाचवतो. बॅटरी १२ व्होल्टचीच असली तरी तिची दोन टोकं शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर वाहतात, वायर लाल होते आणि फळी पेटते. पाण्याच्या मधोमध लागलेली आग विझवायला भोवती भरपूर पाणी असतं, पण तोवर पेट्रोलची टाकी कुठे आहे याचा विचार करा.

म्हणून पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात मुख्य फ्यूज हवाच. त्याच्यापुढे एक मोठा बंद-चालू स्विच, मग फ्यूज बॉक्स. हा बॉक्स आपल्याकडे सहज मिळतो: जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात चार किंवा सहा घरांचा ब्लेड फ्यूज बॉक्स मागा, झाकणासकट. फ्यूजचे रंग ठरलेले असतात: ३ अँपिअर जांभळा, ५ फिका तपकिरी, ७.५ गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा. दीडच्या (म्हणजे १.५ चौरस मिमीच्या) वायरला १० च्या वर फ्यूज नको, अडीचच्या वायरला १५ च्या वर नको. फिश फाइंडरला कंपनीने सांगितला असेल तोच, बहुधा ३ चा. मुख्य फ्यूज मुख्य वायरीच्या जाडीवर ठरतो. चारची वायर असेल तर २० चा लावा.

घरातला एमसीबी आणि घरातलं बटण एसीसाठी बनलेलं असतं. डीसीची ठिणगी तितक्या सहज तुटत नाही, म्हणून ते होडीवर नको. गाडीचे टॉगल स्विच रबरी टोपीसकट मिळतात, तेच वापरा. आणि फ्यूज उडाला म्हणून त्याच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणारा माणूस होडीत घेऊ नका.

पंपाची गोष्ट वेगळी. त्याला फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा) लावला असेल तर त्याची वायर मुख्य स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजमधून न्या. रात्री पाऊस झाला आणि मुख्य स्विच बंद असला तरी पंप चालला पाहिजे.

वायर : बोअरवाल्याचं दुकान कामाला येतं

पुस्तकात लिहिलेलं असतं की कलई केलेली तांब्याची मरीन वायर वापरा. मुंबईत ती मिळेल. शहाद्यात शोधत बसू नका. गोड्या पाण्यात कलईवाचून चालतं, फक्त टोकं नीट बंद केलेली हवीत. आणि आपल्याकडे एक वायर गावोगाव मिळते जी पाण्यात राहायलाच बनवलेली आहे: सबमर्सिबल पंपाची चपटी तीन कोअर केबल. दोन थरांचं आवरण, आत बारीक तारांचा गुच्छ, लाल-पिवळा-निळा रंग. लाल पॉझिटिव्ह, निळा निगेटिव्ह, पिवळा मोकळा ठेवायचा. एखादी कोअर तुटली की तोच कामाला येतो. हे रंग फ्यूज बॉक्सच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवा, नाहीतर पुढचा कारागीर पिवळ्याला फेज समजेल. घेताना टोक खरवडून तांबं आहे ना ते बघा, ॲल्युमिनियमची केबलही त्याच दुकानात त्याच रंगात असते. घराच्या भिंतीतली एकच जाड तार असलेली वायर मात्र नको, इंजिनाच्या थरथरीने ती आतल्या आत तुटते.

जाडी किती? १२ व्होल्टवर हा प्रश्न घरापेक्षा जास्त महत्त्वाचा, कारण वायरीत अर्धा व्होल्ट गेला तरी तो लगेच दिसतो. पंप बॅटरीपासून ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वायर १० मीटर झाली. दीडच्या वायरीत ५ अँपिअरला साधारण ०.६ व्होल्ट जातात, अडीचच्या वायरीत ०.३५. पंपाला अडीचची, दिवे आणि चार्जरला दीडची, बॅटरी ते फ्यूज बॉक्स चारची, असं ठेवलं तर लहान होडीला वेगळं गणित लागत नाही.

वायरी उघड्या लोंबत ठेवल्या की जाळ्याचा दोर त्यांत अडकतो. त्यावर स्वस्त उपाय पुन्हा शेतातलाच: ठिबकची साधी लॅटरल नळी. काळी नळी उन्हाला टिकते, वाकते, पाण्याने कुजत नाही. ड्रिपर नसलेली घ्या. दीडच्या वायरीला २० मिमी, अडीचच्या केबलला त्याहून मोठी. चपटी केबल ओढून बघितल्याशिवाय पूर्ण गुंडाळी विकत घेऊ नका. नळी होडीच्या काठाखालून, आतल्या बाजूने, क्लॅम्पने बसवा. सर्वांत खालच्या जागी एक बारीक भोक पाडा, आत शिरलेलं पाणी निघून जाईल. कुठल्याही पेटीत वायर वरून घालू नका. खालून घाला, आणि आत शिरण्याआधी तिला एक झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी गळून पडेल.

जोड

होडीवरची दहातली नऊ बिघाडं जोडात असतात असं मी म्हणतो. मोजलेली नाहीत, पण पैज लावायला तयार आहे. तारा पिळून वरून काळी टेप गुंडाळली की उन्हात टेपचा डिंक वितळतो आणि पहिल्या पावसात जोड हिरवा पडतो.

शक्यतो मध्ये जोडच नको, फ्यूज बॉक्सपासून उपकरणापर्यंत अखंड वायर. जिथे लागेल तिथे योग्य मापाचं लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं भोकाचं टोक) किंवा बट कनेक्टर (दोन वायरी जोडायची छोटी नळी) घ्या, क्रिम्पिंगच्या पक्कडीने दाबा आणि जोरात ओढून बघा. सुटला तर तो जोड नव्हताच. त्यावर आत डिंक असलेली, तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह चढवून लायटरने नाही, हीट गनने तापवा. टोकांतून डिंक बाहेर आलेला दिसला की झालं. ही स्लीव्ह नाही मिळाली तर बोअरच्या मोटारीच्या केबलला जोड मारतात तसा मारा: ताणून गुंडाळायची रबर टेप, तिच्यावर पीव्हीसी टेप. शेकडो फुटांखाली तो जोड वर्षानुवर्षं टिकतो. फक्त डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, सोडून देऊ नका. डागाच्या कडेला तार कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच मोडते.

फिश फाइंडर

पडदा कुठेही बसवा, सगळं काम ट्रान्सड्यूसरचं. तो पाण्यात आवाजाची लहर सोडतो आणि परत आलेला पडसाद ऐकतो. २०० किलोहर्ट्झची लहर अरुंद असते: साधारण २० अंशांच्या झोतात ३० मीटर खोलीवर तळाचा १० मीटर व्यासाचा घेर दिसतो. ८३ किलोहर्ट्झची रुंद लहर ६० अंशांची, म्हणजे जितकी खोली, जवळपास तितकाच घेर. हतनूरसारख्या गाळाने भरत आलेल्या उथळ पाण्यात रुंद लहर कामाची. सातपुड्याच्या उतारावर भरलेल्या नर्मदेच्या फुगवट्यात, जिथे तळ एकदम खाली जातो आणि बुडालेली झाडं अजून उभी आहेत, तिथे अरुंद लहरीचं चित्र स्पष्ट येतं. जाळं झाडात अडकून फाटणं वाचलं तरी यंत्राचे पैसे निघाले.

ट्रान्सड्यूसर मागच्या फळीवर, इंजिनाच्या पंख्यापासून किमान हातभर बाजूला, तळापेक्षा किंचित खाली बसवा. पंख्याच्या फेसात तो आंधळा होतो. भरीव फायबरच्या तळातून आतून चिकटवला तरी चालतो. लाकडातून आणि आत फोम असलेल्या तळातून चालत नाही. वल्ह्याच्या होडीला सोपा उपाय म्हणजे पाइपाच्या टोकाला बसवून काठावर क्लॅम्प करणं: किनाऱ्याला लागताना वर उचलता येतो आणि रात्री घरी नेता येतो. चोरीचा विचार केला तर मला हीच पद्धत आवडते.

ट्रान्सड्यूसरची केबल कधीही कापू नका; जास्तीची गुंडाळून ठेवा. ती इंजिनाच्या आणि पंपाच्या वायरीपासून दूर, होडीच्या दुसऱ्या काठाने न्या. पडद्यावर आडव्या-तिरप्या रेघा आल्या तर एकेक उपकरण बंद करून बघा. बहुतेक वेळा स्वस्त यूएसबी चार्जर किंवा एलईडीचा ड्रायव्हर सापडतो. पुराच्या गढूळ पाण्यात पडदा ठिपक्यांनी भरतो, तेव्हा सेन्सिटिव्हिटी कमी करा. आणि लक्षात ठेवा की पडद्याची फक्त उजवी कड "आत्ता" असते. डावीकडे दिसणारा मासा मागे राहिला.

सोलर आणि दिवा

ऊन आपल्याकडे फुकट आहे. साक्रीच्या माळावर महानिर्मितीने सौर प्रकल्प उभारला तो काही उगाच नाही. ५० वॅटचं पॅनल चांगल्या दिवशी साधारण १२ एएच परत भरतं, ७५ वॅटचं १८. वरच्या हिशेबाला ७५ चं घ्या. मध्ये कंट्रोलर हवाच, आणि जोडायचा क्रम पक्का: आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना उलटा. कंट्रोलर आणि बॅटरीच्या मध्येही फ्यूज. पॅनलखाली चार बोटं हवा खेळू द्या, तापलेलं पॅनल कमी देतं.

पांढरा दिवा काठीवर सगळ्यांत उंच, चारही बाजूंनी दिसेल असा. नर्मदेच्या ५४ किलोमीटर काठावर लोकांच्या ये-जा करणाऱ्या बोटी असतात, त्यांना तुम्ही दिसला पाहिजेत. मासे गोळा करायला पाण्यावर प्रखर एलईडी लावणं हा वेगळा विषय: समुद्रात केंद्र सरकारने २०१७ मध्येच त्यावर बंदी घातली. धरणातही मी तो लावणार नाही.

पाण्यात लोटण्याआधी

मुख्य फ्यूज सोडून फ्यूज बॉक्समधले सगळे फ्यूज काढून ठेवा. मल्टिमीटरने फ्यूज बॉक्सवर व्होल्टेज आणि दिशा तपासा: लाल काडी पॉझिटिव्हला लावल्यावर आकड्याआधी वजाची खूण दिसली तर कुठेतरी उलटं जोडलंय. पत्र्याची होडी असेल तर बॅटरी सोडवून ओहमवर ठेवा आणि पत्रा ते पॉझिटिव्ह, पत्रा ते निगेटिव्ह अशा दोन्ही जागी बघा. कुठेही जोड दाखवायला नको. मग एकेक फ्यूज घालत एकेक उपकरण चालवा. पंप चालू असताना पंपाच्या टोकांवर व्होल्टेज मोजा; बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर वायर बारीक आहे किंवा एखादा जोड सैल आहे.

लेड-ॲसिड बॅटरी काही तास मोकळी ठेवून मोजली तर १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, ११.९ म्हणजे उशीर झाला. उन्हाळ्यात धरण आटून होडी काठावर पडली की बॅटरी घरी आणा आणि महिन्यातून एकदा भरा. होडीत कायम असावं ते एका घट्ट झाकणाच्या डब्यात: प्रत्येक रंगाचे दोन फ्यूज, चार लग, रबर टेप, छोटी पक्कड आणि हातभर केबल.